जुना अभ्यासक्रम, शेवटची संधी

"सर, एक विचारू काय? रागावणार नसाल तर."

वैजंता बिरंजे कॉम्प्युटर लॅबच्या दारात वही घेऊन उभी होती. एप्रिलची दुपार होती. मी नुकताच डबा खाऊन पंख्याखाली खुर्ची ओढून बसलो होतो. त्या घटकेला साक्षात ब्रह्मदेवानं काही विचारलं असतं तरी मी रागावलोच असतो.

"आजवर मला राग आणला तो असं म्हणणाऱ्यांनीच," मी म्हणालो. "बोल काय ते."

वैजंता आमच्या लॅबची सहायक. वय पंचवीस. बी. एस्सी. कॉम्प्युटर सायन्स तिनं आमच्याच कॉलेजात केलं होतं, म्हणजे जवळजवळ केलं होतं. सगळे विषय सुटले, पण दुसऱ्या वर्षाचा माझा गणिताचा पेपर मागे राहिला तो राहिलाच. मध्ये लग्न झालं, वर्षभरात मोडलं, ती वडिलांकडे परत आली. या सगळ्या धबडग्यात तिनं तो पेपर चार वेळा दिला आणि चारही वेळा चार-पाच मार्कांनी हुकला. पण मशीनला तिचा हात लागला की रुसलेलं मशीन चालू व्हायचं, म्हणून कॉलेजनं तिला कंत्राटावर ठेवून घेतलं होतं. संस्थेनं तिला स्वच्छ सांगितलं होतं, जुलैअखेर पदवी दाखव, कायम करतो. नाही दाखवलीस तर ऑगस्टला दुसरा माणूस.

आणि तेवढ्यात विद्यापीठाचं परिपत्रक आलं. आमचा अभ्यासक्रम सहा वर्षांचा झाला होता, तो बदलायचा होता. जुना जूनपासून बंद. जुन्या अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना येती मे महिन्याची परीक्षा ही शेवटची संधी. त्यात जे राहतील त्यांनी नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी. खाली कुलसचिवांची सही. वैजंतानं त्या परिपत्रकाची झेरॉक्स काढून लॅबमधल्या आपल्या टेबलाच्या काचेखाली घातली होती. मी विचारलं, कशाला गं डोळ्यांसमोर ठेवतेस? तर म्हणाली, भीती वाटली की पुस्तक उघडलं जातंय.

तर ती फळ्यापाशी गेली आणि खडू उचलला.

"युनिट तीनमधलं आहे सर. तो हात न उचलता गिरवायचा थिअरम."

गणिताचं नाव काढताच पान उलटणाऱ्यांसाठी सांगतो, यात घाबरण्यासारखं काही नाही. काही ठिपके घ्यायचे आणि ते रेघांनी जोडायचे. याला आम्ही ग्राफ म्हणतो. प्रत्येक ठिपक्यातून निघणाऱ्या रेघांची संख्या सम असली, दोन, चार, सहा अशी, तर पेन न उचलता सगळ्या रेघा एकेकदाच गिरवून निघालो तिथं परत येता येतं. हे सिद्ध करायचं असतं. दीड पानाची सिद्धता आहे. माझ्या नोट्समध्ये होती, आणि माझ्या नोट्स सात तालुक्यांत चालत.

"मग अडलं कुठं?"

"सिद्धता पाठ आहे सर. अडलं नाही." तिनं फळ्यावर एक त्रिकोण काढला, कोपऱ्यांना क, ख, ग म्हटलं. मग हातभर अंतर सोडून दुसरा त्रिकोण काढला, त्याला च, छ, ज. "हे एकच चित्र धरायचं. प्रत्येक ठिपक्यातनं दोनच रेघा निघतात. सगळे सम. पण हितनं तिकडं जायला रेघच नाही. मग पेन न उचलता कसं गिरवणार? आमच्या वाडीचं असंच आहे बघा. वाडीत रस्ते आहेत, नदीपलीकडच्या गावात पण रस्ते आहेत, पण मधे पूल नाही. एस्टी कुठनं फिरवणार?"

मी खुर्चीत ताठ बसलो. पण त्याचं कारण ते चित्र नव्हतं, निदान आधी नव्हतं. मे महिन्याचा तो पेपर मीच काढला होता. फेब्रुवारीत लाखेचा शिक्का मारून पाकीट विद्यापीठात पोचतं केलं होतं, आणि त्यात प्रश्न तिसरा, ब म्हणून हाच थिअरम होता. पेपर काढणाऱ्याचं नाव गुप्त असतं. आमच्या घरी बायकोलासुद्धा मी ते सांगत नसे. मला वाटलं, हिला कुठून कुणकुण लागली? म्हणून मी तिच्याकडे रोखून बघितलं. तिच्या तोंडावर तसलं काही नव्हतं. मग मी फळ्याकडे बघितलं.

ती बरोबर होती.

त्या थिअरमला एक अट आहे. ग्राफ कनेक्टेड पाहिजे, म्हणजे सगळा एकसंध, एका तुकड्यात. ती अट नसेल तर विधान सपशेल खोटं. मी एम. एस्सी.ला असताना ही अट मला झोपेत विचारली असती तरी सांगता आली असती. पण सहा वर्षांपूर्वी अभ्यासक्रम तयार झाला तेव्हा मी विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर सर्वांत लहान सभासद. विद्यापीठानं नमुना ठरवून दिला होता, एक युनिट आठ ओळींत बसलं पाहिजे. माझं युनिट सव्वाआठ ओळींत जात होतं. चहा गार व्हायला लागला होता, आणि मी पटापट कात्री लावली. इतकी सफाईनं लावली की अध्यक्षांनी पाठ थोपटली. अभ्यासक्रमावरून नोट्स झाल्या, नोट्सवरून गाईडं झाली, आणि पेपर काढणाऱ्यांची तर रीतच आहे, अभ्यासक्रमातलं वाक्य जसंच्या तसं उचलायचं आणि मागं 'सिद्ध करा' लावायचं. म्हणजे 'आउट ऑफ सिलॅबस' म्हणून कुणी बोंब मारत नाही. सहा वर्षं आम्ही हजारो पोरांकडून एक खोटं विधान सिद्ध करून घेत होतो, आणि ती बिचारी करतही होती.

हे सगळं मला त्या दुपारी एका क्षणात दिसलं. आणि दिसल्याबरोबर मी ते दार लावून घेतलं.

"हे बघ वैजंता," मी आवाज चढवला, "पाचव्यांदा नापास व्हायचंय का तुला? परीक्षा तोंडावर आली आणि तू पूल बांधत बसलीस. पुस्तकात आहे तसं लिही. समजलं?"

"बरं सर," ती म्हणाली. मग खडू खाली ठेवत म्हणाली, "पण तसलं चित्र आलं तर?"

"येत नाही."

तिनं फळा पुसला. मी पुन्हा पंख्याखाली बसलो, पण डोळा लागला नाही. स्वतःला समजावलं की पोरीला उलट मदतच केली आपण. पुस्तकात आहे तसं लिहिलं की सहाच्या सहा मार्क तिच्या पदरात. गुप्तता मोडली नाही आणि तिचं भलंही झालं. साप मेला आणि काठीही शाबूत.

*

मेच्या अखेरीस विद्यापीठात पेपर तपासणी सुरू झाली. लांबलचक हॉल, रांगेनं टेबलं, दोराने बांधलेले गठ्ठे, आणि माठातलं पाणी अकराच्या आत संपलेलं. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, आसन क्रमांक झाकलेला असतो, वर नुसता एक आकडा. कुणाचा पेपर कुणाकडे हे देवालाही कळू नये अशी व्यवस्था. समोर आदर्श उत्तरांचे कागद. तेही मीच लिहिलेले होते, पण त्यांवरही नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशीची गोष्ट. हात सवयीनं चालत होता. एक पेपर संपवला, बेरीज केली, पस्तीस आले. पास व्हायला चाळीस. आमच्यात एक रीत आहे, कुठं लिहिलेली नाही, पण सगळे पाळतात. पस्तीस ते एकोणचाळीसमध्ये कुणी अडकलं की पेपर खाली ठेवायचा नाही. पुन्हा पहिल्या पानापासून चालवत यायचं, कुठं अर्धा मार्क सुटलाय का, कुठं हात आखडला गेलाय का. आपल्या हातून कुणाचं वर्ष जाऊ नये, एवढीच त्यामागची भावना. ही रीत मला माझ्या गुरुजींनी शिकवली होती आणि मी ती कधीही चुकवली नव्हती.

मी पानं उलटत आलो. प्रश्न तिसरा, ब. शून्य दिलेलं. मीच दिलेलं, दहा मिनिटांपूर्वी, सिद्धता दिसली नाही म्हणून. आता नीट बघितलं.

पानावर दोन त्रिकोण होते. क, ख, ग. च, छ, ज. आमची पोरं इंग्रजी पेपरात ए, बी, सी लिहितात, मराठी अक्षरं कुणी घालत नाही. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. त्यांचा अर्थ असा, की हे विधान खरं नाही, चित्र दोन तुकड्यांत असेल तर पेन उचलावंच लागेल, म्हणून हे सिद्ध करता येणार नाही. त्याखाली अर्धं पान कोरं सोडलं होतं.

हॉलमध्ये दोनशे माणसं होती आणि मला असं वाटलं की ती माझ्या खुर्चीमागे उभी आहे, हातात खडू घेऊन. मी मागं वळूनसुद्धा बघितलं. मागं पांढरी भिंत होती.

सहा मार्क दिले तर एकेचाळीस. पास. शेवटच्या संधीला ग्रेस लागू नव्हता, म्हणजे जे काय करायचं ते मलाच करायचं होतं. पण आकडा बदलायचा म्हणजे खाडाखोड, आणि खाडाखोडीवर नियामकाची, म्हणजे मॉडरेटरची, सही लागते. मी पेपर घेऊन हत्तरकी सरांकडे गेलो. ते आमच्या विषयाचे नियामक, गडहिंग्लजकडचे, निवृत्तीला सहा महिने राहिलेले.

"काय ओ आरबोळे," ते म्हणाले, "भूत बघितल्यागत तोंड करून आलाय."

"सर, हे जरा बघा."

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. बराच वेळ बघितलं. प्रश्नपत्रिका उचलून प्रश्न वाचला, पुन्हा चित्र बघितलं. मग चष्मा काढून रुमालानं पुसला.

"लिहिणारा बरोबर आहे," ते हळूच म्हणाले. "आयला. सहा वर्षं आपण काय करत होतो ओ?"

"मी शून्य दिलंय."

"आदर्श उत्तराप्रमाणं बरोबरच दिलंय की."

"पण सर, प्रश्नच चुकलाय."

"हळू बोला." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "बसा. नीट ऐका. या एकाला सहा दिले तर का दिले ते मला लिहावं लागणार. म्हणजे प्रश्न चुकला हे लेखी आलं. लेखी आलं की रीतीप्रमाणं ज्यांनी ज्यांनी हा प्रश्न हातात धरला त्या सगळ्यांना सहा. अकराशे पेपर पुन्हा उघडायचे. चौकशी लागणार. पेपर कुणी काढला ते बाहेर येणार." ते माझ्याकडे बघत राहिले. "कुणी काढला ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. होय का नाही?"

मी पेपराची दुमडलेली कड बोटानं सरळ करत राहिलो.

"आणि जुलैत अभ्यास मंडळाचा नवा अध्यक्ष ठरायचाय. तुमचं नाव घेतात सगळे."

"एका मुलीचं आयुष्य आहे सर."

"मुलगी आहे हे कसं कळलं तुम्हाला?"

मी जीभ चावली. त्यांनी ते बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. मग टेबलाच्या खणातून एक कोरा कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला.

"मी तुम्हाला देऊ नका म्हणत नाही ओ. गैरसमज नको. लेखी द्या, खाली मी सही करतो. खरंच करतो. मला आता काय कुणाचं भ्या? पण चारच्या आत द्या. चारला गठ्ठे सीलबंद होतात."

मी कागद घेऊन जागेवर आलो. घड्याळात सव्वातीन झाले होते. मी वर तारीख घातली. 'मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन' असं लिहिलं. 'महोदय' लिहिलं. पुढं 'सदर प्रश्न' हे दोन शब्द लिहिले, आणि तिसरा शब्द सुचेना. खोटं कशाला बोलू, सुचत होता. हातून उतरत नव्हता. मला अध्यक्ष व्हायचं होतं. आठ वर्षं मी त्या मंडळाच्या मागच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचे मुद्दे टिपून घेतले होते. नव्या अभ्यासक्रमावर माझं नाव यायचं होतं. आणि ज्या माणसानं सहा वर्षं खोटं विधान शिकवलं त्याला कोण अध्यक्ष करणार?

शेजारचे सर म्हणाले, "आरबोळे, चहा आलाय." मी चहा घेतला. पावणेचार वाजले. मनात म्हटलं, पुनर्मूल्यांकन असतंच की, दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येईल. मनात म्हटलं, तिला मी सांगितलं होतं, पुस्तकात आहे तसं लिही. ऐकलं नाही. आता मी काय करू? या दुसऱ्या वाक्यानं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची आजही लाज वाटते.

चार वाजता शिपाई गठ्ठा बांधायला आला. मी कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि गठ्ठ्यावर सही केली. हत्तरकी सर लांबून बघत होते. त्यांनी आपल्या पेपरांत मान खुपसली.

*

त्या दिवसापासून मला ते दोन त्रिकोण दिसायला लागले. हे काही मी कवितेतलं बोलत नाही, खरोखर दिसायचे. शेजारणीच्या रांगोळीत दिसायचे. कँटीनमध्ये बशीत दोन सामोसे आले आणि ते एकमेकांना टेकलेले नसले तर मी बोटानं सारून टेकवायचो. वर्गात कुणी पोरानं हात वर केला की मला आधी 'सर, एक विचारू काय' ऐकू यायचं, आणि पोरगा काय विचारतोय ते मागाहून. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं. फक्त माझा ब्रह्मराक्षस रोज सकाळी नऊ वाजता लॅब उघडायचा आणि मला 'नमस्कार सर' म्हणायचा.

निकाल लागला तेव्हा मी मुद्दाम दोन दिवस लॅबकडे फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी जावं लागलं. तिनंच सांगितलं.

"पाच मार्कांनी गेला सर."

"अरेरे," मी म्हणालो. "झेरॉक्स मागव उत्तरपत्रिकेची. पुनर्मूल्यांकनाला टाक."

"मागवलीय." ती माउसची वायर गुंडाळत होती. "वडील म्हणाले, बास झालं आता. पण बघू तरी."

तिच्या टेबलाच्या काचेखाली ते परिपत्रक आता नव्हतं. पुनर्मूल्यांकनात काहीही झालं नाही. तपासणाऱ्यापुढे आदर्श उत्तराचा कागद होता, माझाच, आणि त्यानं तो प्रामाणिकपणे पाळला.

जुलैत मी अध्यक्ष झालो.

वर्ग सुरू झाले तरी नवा अभ्यासक्रम कागदावर यायचा होता, महिनाअखेरीस तो विद्यापीठाला द्यायचा होता. गणिताची चिन्हं धड टाइप करणारं आमच्या कॉलेजात एकच माणूस होतं. मी चार दिवस चालढकल केली. दुसरीकडे टाइप करून घ्यायचा विचार केला, पण जुनी फाइल, नमुना, सगळं तिच्याच मशीनवर होतं. शेवटी एकोणतीस जुलैला सकाळी मी कागद घेऊन तिच्याजवळ खुर्ची ओढून बसलो. तिचं कंत्राट एकतीसला संपणार होतं.

मी सांगत होतो, ती टाइप करत होती. युनिट एक झालं. युनिट दोन झालं. तिचा हात इतका झरझर चालायचा की मला वाचायला वेळ पुरत नसे.

"युनिट तीन," मी म्हणालो. मी खूप वेळा घरी म्हणून बघितलं होतं, अगदी सहज म्हणायचं असं ठरवलं होतं. "कनेक्टेड ग्राफमध्ये प्रत्येक बिंदूतून निघणाऱ्या रेघांची संख्या सम असेल तर…"

टाइप करण्याचा आवाज थांबला.

"कनेक्टेड?" ती पडद्याकडे बघत म्हणाली.

"हो."

"जुन्यात नव्हतं हे."

"नव्हतं. आता आहे."

तिनं शब्द टाइप केला. एकेक अक्षर वेगळं ऐकू आलं.

"जुन्या फाइलमध्ये पण घालू काय? वेबसाइटवर तीच आहे अजून."

"नको," मी म्हणालो. "जुनं बंद झालं आता."

बाहेर तासाची घंटा झाली, पोरं व्हरांड्यातून पळत गेली.

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली.

तिनं मला विचारलं नव्हतं. मला फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पेपर उघडायचे नव्हते, चौकशी नव्हती, ऐकायला जवळ तिसरं माणूस नव्हतं. माझं अध्यक्षपद कुणी काढून घेणार नव्हतं. तरी ते अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. 'हो' म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, तुम्हाला कधी कळलं सर? आणि त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं.

"पुढचं घ्या," मी म्हणालो. मी तिला कधी अहो-जाहो करत नसे.

तिनं पुढचं घेतलं. एकही चूक न करता चारही युनिटं संपवली, संदर्भग्रंथ टाकले, पहिल्या पानावर 'अध्यक्ष, अभ्यास मंडळ' आणि त्याखाली माझं नाव टाकलं. प्रिंट काढली, पानं हातानं एकसारखी केली, टाचणी मारली आणि माझ्यापुढे ठेवली. मी सही केली. मग ती उभी राहिली.

"सर, ते सगळं पाठ होतं मला. तुमच्या नोट्समधलं दीड पान. हॉलमध्ये लिहायला घेतलं पण, पहिली ओळ लिहिली आणि खोडली. हात चालेना. खोटं आहे हे माहीत असताना सिद्ध करा कसं लिहायचं?"

मी पेनाचं टोपण लावत होतो.

"झेरॉक्स आली ना उत्तरपत्रिकेची, त्यावर शून्य होतं. त्याला मधनं तिरकी रेघ मारलेली. इंग्रजी ओ आणि शून्य यांत गोंधळ नको म्हणून तसं लिहायचं, हे आम्हाला पहिल्या वर्षी तुम्हीच शिकवलंत. आपल्याकडे तसं शून्य लिहिणारे तुम्हीच एकटे."

लॅबमध्ये वीस पंखे चालू होते आणि मला एकाचाही वारा लागत नव्हता.

"मी वडिलांना पण सांगितलं नाही. म्हटलं, सरांनी घाईत तपासलं असेल. गठ्ठे किती असतात. मी काय काढलंय ते त्यांना कळलंच नसेल. कळलं असतं तर त्यांनी असं केलं नसतं." तिनं माझ्या सहीखालची पानं उलटून युनिट तीनचं पान वर काढलं. तिचा आवाज चढला नव्हता, रडवेलाही झाला नव्हता. मला वाटतं, तसं झालं असतं तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. "महिनाभर मी तेवढ्यावरच होते. तुम्हाला कळलं नसेल, यावर. आज कळलं मला."

तिनं मशीन बंद केलं, त्यावर कव्हर घातलं आणि दुसऱ्या मशीनकडे गेली. तिकडे एका पोरीचा प्रोग्राम अडकला होता. ती वाकून त्या पोरीला समजावून सांगायला लागली, रोजच्याच आवाजात. मी कागद उचलले आणि बाहेर आलो. एकतीस तारखेला तिनं किल्ल्या ऑफिसात जमा केल्या. त्या दिवशी मी अभ्यासक्रम सादर करायला विद्यापीठात होतो. नंतर कुणी म्हणालं ती कराडला गेली, कुणी म्हणालं पुण्याला. मी चौकशी केली नाही. करायला भ्यालो.

नवा अभ्यासक्रम गाजला. सहा वर्षांची चूक आरबोळ्यांनी शोधून काढली हे कर्णोपकर्णी झालं. शिबिरांत मला त्यावर बोलायला बोलवायचे. मी गेलो तर बोलत असे, आणि बोलताना शेवटच्या बाकाकडे बघायचं टाळत असे. तिथं कुणी बसलेलं नसतं हे मला माहीत होतं, तरी.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. कॉलेजच्या सभागृहात निरोपाचा कार्यक्रम झाला. आताच्या अध्यक्षांनी माझ्याविषयी भाषण केलं. म्हणाले, गणितात नजर लागते, आणि ती नजर म्हणजे काय ते आरबोळे सरांनी दाखवलं. अख्ख्या विद्यापीठाला सहा वर्षं जे दिसलं नाही ते एकट्या सरांना दिसलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. माझ्या बायकोनं डोळ्यांना पदर लावला.

मग मला बोलायला सांगितलं. मी आदल्या दिवशीच ठरवून आलो होतो. नाव घ्यायचं, पूर्ण नाव, आणि काय घडलं ते सांगायचं. आता माझं कोण काय हिरावून घेणार होतं? ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो. सभागृह शांत झालं. मी तोंड उघडलं, आणि संस्थेचे, सहकाऱ्यांचे, विद्यार्थ्यांचे आभार मानून खाली बसलो.